प्रश्न उद्भवत नाहीं

लोकसभेचें अधिवेशन चालू असतें तेव्हां सकाळीं अकरा वाजतां सभागृहाचें कामकाज प्रश्नोत्तरांनीं सुरू होतें. अध्यक्ष सभासदाचें नांव पुकारतात, सभासद उभा राहून आपल्या प्रश्नाचा क्रमांक सांगतो, आणि त्या त्या खात्याचे मंत्री उठून उत्तर देतात. शिक्षणखात्याचा वार असला म्हणजे देशांतील लक्षावधि शाळांचा हिशेब त्या एका तासांत मागितला जातो. शिक्षकांच्या रिकाम्या जागा किती, शाळेबाहेर मुलें किती, अमुक योजनेचा पैसा कोठें अडला, असे प्रश्न असतात. आणि आंकड्यांनीं भरलेलीं त्यांचीं उत्तरें असतात. तीं मंत्र्यांच्या मुखांतून येतात, म्हणून मंत्र्यांनींच तीं तयार केलेलीं असावींत, असा सामान्य मनुष्याचा समज असतो. तरुणपणीं माझाहि तसाच समज होता.

मी राजकारणांतला माणूस नव्हे. मॅट्रिक होऊन व अध्यापनाचें शिक्षण घेऊन पस्तीसांहून अधिक वर्षें जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुलांना मुळाक्षरें शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां मंत्र्यांच्या उत्तरांविषयीं बोलण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारील. तो अधिकार एवढाच कीं, अशा एका उत्तराचा एक तुकडा मीं स्वतः लिहिला आहे, आणि तो खोटा होता. ती हकीकत मी पुढें सांगणार आहें. तत्पूर्वीं हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याकडे कसा आला, तें थोडक्यांत पाहूं.

हा हक्क आज आपणांस जन्मसिद्ध वाटतो. परंतु तो टप्प्याटप्प्यानें मिळालेला आहे. १८९२ च्या कौन्सिल्स कायद्यानें कायदेकौन्सिलाच्या सभासदांस सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम दिली. एकदां उत्तर मिळालें कीं विषय संपला. त्या उत्तरावर पुन्हा विचारण्याची सोय नव्हती. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्यास पूरक प्रश्नाची परवानगी मिळाली, आणि १९१९ च्या कायद्यानंतर ती इतर सभासदांसहि मिळाली. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कचेरींत लिहून आणतां येतें. पूरक प्रश्नाचें उत्तर मंत्र्यांस उभ्या जागीं द्यावें लागतें, आणि आपल्या खात्याची माहिती त्यांना कितपत आहे तें तेथेंच उघड होतें. म्हणून त्या एका परवानगीसाठीं सतरा वर्षें थांबावें लागलें, याचें मला आश्चर्य वाटत नाहीं.

सार्वत्रिक शिक्षणाची मागणी तर या हक्काहूनहि जुनी आहे. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें सुचविलें होतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग आरंभिला व १९०६ सालीं ती सर्व राज्यास लागू केली. जें एका संस्थानिकास साधलें तें हिंदुस्थान सरकारास कां साधूं नये, असा सवाल नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत केला. १९१० सालीं त्यांनीं ठराव आणला, १९११ सालीं विधेयक मांडलें. त्यांनीं मागितलेली सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतीच होती, आणि तीहि स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोपविलेली होती. सरकारतर्फे शिक्षणखात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांनीं विरोध केला. आणि १९ मार्च १९१२ रोजीं तें विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. बटलरसाहेबांस उत्तर देणें भाग होतें हें खरें. परंतु तें उत्तर कोणास पटलें नाहीं म्हणून त्यांची जागा जाण्याचा संभव नव्हता. कौन्सिल त्यांस विचारूं शकत होतें, काढूं शकत नव्हतें.

१९२१ सालीं या स्थितींत मोठा पालट झाला. प्रांतांतून शिक्षण हें सोंपीव खातें झालें, म्हणजे तें लोकनियुक्त सभासदांपुढें जबाबदार असणाऱ्या मंत्र्यांकडे आलें. मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे झाले. अनेक वर्षें फर्ग्युसन कॉलेजांत शिकविलेला हा गणिताचा पंडित कौन्सिलांत उभा राहून शाळांविषयींच्या प्रश्नांना उत्तरें देऊं लागला, आणि त्यांच्याच कारकीर्दींत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तिजोरीच्या किल्ल्या मात्र मंत्र्यांकडे नव्हत्या. अर्थखातें राखीव होतें. प्रश्न मंत्र्यांना आणि पैसा दुसऱ्याच्या हातीं, ही अडचण तेव्हांपासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर मौलाना अबुल कलाम आझाद हे पहिले शिक्षणमंत्री झाले व १९५८ पर्यंत त्या पदावर होते. आपल्या घटनेच्या ४५ व्या कलमानें चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न करावा असें सांगितलें होतें. ती मुदत १९६० सालीं संपली. तिच्यानंतर चाळीस वर्षें सभागृहांत कोणी ना कोणी सभासद तोच प्रश्न विचारीत राहिला, आणि कोणी ना कोणी मंत्री काम चालू असल्याचें सांगत राहिले. शेवटीं २००२ सालीं घटनादुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ सालीं त्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. गोखल्यांचें विधेयक फेटाळलें गेल्यापासून या दिवसापर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षें लोटलीं.

आतां उत्तर कसें तयार होतें तें सांगतों. लोकसभेंत तोंडी उत्तराचा प्रश्न विचारावयाचा तर किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते. अशा प्रश्नावर तारकेची खूण असते, म्हणून त्यास तारांकित प्रश्न म्हणतात. एका दिवसास वीस तारांकित प्रश्न असतात. आणि ज्यांचें उत्तर लेखी दिलें जातें असे अतारांकित प्रश्न दोनशें तीसपर्यंत असतात. केंद्राच्या शिक्षणमंत्र्यांस एक उत्तर नेहमीं हाताशीं असतें: शिक्षण हा समवर्ती सूचींतील विषय असून बहुतेक शाळा राज्यांच्या ताब्यांत आहेत. तें खोटें नाहीं. १९७६ च्या घटनादुरुस्तीनें शिक्षण राज्यसूचींतून समवर्ती सूचींत आलें. पण त्यामुळें माहिती शेवटीं राज्याकडेच मागावी लागते. राज्याच्या विधिमंडळांतहि प्रश्नांची रीत अशीच आहे. मंत्रालयांतून प्रश्न शिक्षण संचालकांकडे, तेथून जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून तालुक्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग केंद्रप्रमुखांकडे आणि शेवटीं शाळेच्या मुख्याध्यापकाकडे येतो. उत्तर त्याच पायऱ्यांनीं वर चढतें. प्रत्येक पायरीवर त्याची बेरीज होते, आणि बेरीज झाली कीं मूळचा आंकडा कोणाचा तें दिसेनासें होतें.

शाळा आणि मंत्री यांच्यामधल्या कागदाला धक्का लागला तर काय होतें, याचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांतलें आहे. आपल्या विधिमंडळांतील प्रश्नोत्तरांची पद्धत मुळांत तेथूनच आली, म्हणून तें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. १८६२ सालीं रॉबर्ट लो या शिक्षणखात्याच्या प्रमुखानें शाळांचें अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेवर ठरविण्याचा नियम केला. त्याला निकालावर वेतन असें म्हणत. शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांचे अहवाल पार्लमेंटापुढें ठेवले जात. १८६४ सालीं लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनीं आरोप केला कीं, खात्यास न रुचणारा मजकूर या अहवालांतून गाळला जातो. कचेरींत त्यावर खुणा करून ते इन्स्पेक्टरांकडे परत धाडले जातात. १२ एप्रिल रोजीं ९३ विरुद्ध १०१ मतांनीं ठराव पास झाला आणि लो यांनीं राजीनामा दिला. त्यांची दृष्टि जन्मतःच अधू होती व कागद त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. पुढें चौकशी होऊन त्याच वर्षीं जुलै महिन्यांत सभागृहानें तो ठराव मागें घेतला. लो यांचा दोष किती, हा वाद आपण बाजूस ठेवूं. खालचा कागद बदलला तर वरच्या मंत्र्याचें आसन जाऊं शकतें, एवढी गोष्ट त्या सभागृहानें जगास दाखविली.

तेथें खुणा वरच्या कचेरींत झाल्या. माझ्या हकीकतींत वरच्या कचेरीस खूण करण्याचें कारणच उरलें नव्हतें.

श्रोतेहो, ही सुमारें पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. एका कोरडवाहू तालुक्यांतील वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेंत मी होतों. पहिली ते चौथीचे वर्ग, पट एकेचाळीस. वस्तींतील बहुतेक घरें ऊंस तोडावयास जाणारीं. पावसाळ्यांत मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दसरा-दिवाळीनंतर बैलगाडींत संसार घालून कारखान्याच्या वाटेस लागावयाचें, आणि चैत्राच्या सुमारास परत यावयाचें, असा त्यांचा नेम. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्यांच्याबरोबर मुलें जातात. मोठें मूल धाकट्यास सांभाळतें, पाणी भरतें, वाढें गोळा करतें. कार्तिक लागला कीं माझे वर्ग अर्धे रिकामे होत.

त्या वर्षीं दुसरींत एक मुलगी होती. तिला अक्षर लावून वाचतां येऊं लागलें होतें. वाचतांना ती ओळीखालीं बोट धरी आणि बोट पुढें सरकल्याशिवाय शब्द सोडीत नसे. निघण्याच्या आदल्या दिवशीं तिचा बाप शाळेंत आला. दारांतच उभा राहून म्हणाला, “गुरुजी, पोरीचं नाव तेवढं पटावर राहू द्या. कारखाना बंद झाला की आणून घालतो.” मीं म्हटलें, “आजीपाशीं ठेवा कीं तिला.” तो म्हणाला, “आजीलाच कोणी बघायला पाहिजे. आन् धाकट्याला कोण धरल?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं नांव ठेवलें. नांव ठेवण्यांत गैर कांहींच नव्हतें. पण मीं तिच्यापुढें हजेरीहि मांडीत गेलों, तिची आणि तिच्यासारख्या आणखी सतरा जणांची. त्या काळीं ऐंशी टक्के हजेरी असणाऱ्या मुलास महिना तीन किलो तांदूळ मिळत असे, आणि तो घरीं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या पोटीं जात असे. मनाला मी तें कारण सांगत होतों. दुसरें कारण मी मनालाहि सांगत नव्हतों. पट घसरला असता तर शाळेची एक जागा कमी होऊन दोघांपैकीं एकास अतिरिक्त ठरून बदलीस जावें लागलें असतें. आणि सेवेनें धाकटा मीच होतों.

डिसेंबरांत नागपूरला अधिवेशन चालू होतें. एके दिवशीं दुपारीं तालुक्याहून शिपाई सायकलीवरून एक कागद घेऊन आला. कागदाच्या माथ्यावर लाल शाईनें लिहिलें होतें: विधानसभा तारांकित प्रश्न, अति तातडीचें, माहिती याच हस्तकासोबत द्यावी. तालुक्यांतील ऊंसतोड मजुरांचीं मुलें शाळेंत येत नाहींत हें खरें आहे काय, असल्यास त्यांची संख्या किती, व त्याबाबत शासनानें कोणती कारवाई केली, असा तो प्रश्न होता. खालीं एक तक्ता होता. आमचे मुख्याध्यापक त्या दिवशीं रजेवर होते. शिपाई ओट्यावर पाणी पीत बसला. मीं वर्गाकडे पाहिलें; तेवीस मुलें बसलीं होतीं. हजेरीपत्रकाकडे पाहिलें, त्यांत एकेचाळीस होतीं. अठरा लिहावें तर हजेरीपत्रक खोटें ठरणार, खुलासा मागितला जाणार, तांदुळाचा हिशेब निघणार, जागा जाणार. संख्येच्या रकान्यांत मीं ‘निरंक’ असा शब्द लिहिला, शाळेचा शिक्का मारला, आणि शिपायास चहा देऊन रवाना केलें. या साऱ्याला पाव तास लागला नसेल.

कांहीं आठवड्यांनीं गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरींत त्या प्रश्नोत्तराची प्रत माझ्या पाहण्यांत आली. प्रश्न तीन भागांत होता. पहिल्या भागाचें उत्तर: हें खरें नाहीं. दुसऱ्याचें: प्रश्न उद्भवत नाहीं. तिसऱ्याचें: प्रश्न उद्भवत नाहीं. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांतून हें वाक्य नेहमीं भेटतें. पहिल्याच प्रश्नाला नकार आला म्हणजे पुढचे सारे प्रश्न आपोआप मिटतात. मीं तो कागद दोनदां वाचला. मंत्र्यांनीं सभागृहास फसविलें असें मला म्हणतां येईना. त्यांच्या हातीं तालुक्याची बेरीज आली होती, आणि माझ्यासारख्यांचे निरंक मिळवून ती बेरीज निरंकच भरत होती. ज्या सभासदानें तो प्रश्न विचारला, त्यानें बहुधा स्वतःच्या डोळ्यांनीं तीं मुलें उंसाच्या फडांत पाहिलीं असावींत. तरी सभागृहांत तो खोटा ठरला, आणि तो माझ्या अक्षरानें ठरला.

ती मुलगी चैत्रांत परत आली. पुढच्या कार्तिकांत पुन्हा गेली. वर्षाकांठीं सहा महिने शाळा आणि सहा महिने कोपी, असें करतां करतां तिचें बोट ओळीखालीं सरकेनासें झालें. कागदावर मात्र ती तिसरी झाली, चौथी उत्तीर्ण झाली. मग माझी बदली झाली. अनेक गांवें फिरून बऱ्याच वर्षांनीं मी त्याच शाळेवर मुख्याध्यापक म्हणून परत आलों. एके दिवशीं कडेवर मूल घेतलेली एक बाई शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आली. तीच ती मुलगी. कसल्याशा अर्जास तिला दाखला हवा होता. मीं जनरल रजिस्टर काढलें. नोंदींत कोठें खोट नव्हती: चार वर्षें, हजेरी उत्तम, इयत्ता चौथी उत्तीर्ण. दाखला लिहून मीं स्थळप्रतीवर सही करण्यासाठीं पेन तिच्यापुढें केलें. तिनें तें घेतलें नाहीं. डावा अंगठा पुढें करून म्हणाली, “गुरुजी, शाई हाय का?”

माझ्या सहीच्या दाखल्यावर चौथी उत्तीर्ण, आणि त्याखालीं अंगठा. त्या दिवशीं मला मंत्र्यांचें तें उत्तर पुन्हा आठवलें. ज्या वर्षीं प्रश्न उद्भवला होता त्या वर्षीं मीं तो उद्भवूं दिला नव्हता. संख्या अठरा अशी गेली असती, शेजारच्या शाळांतून तशाच संख्या गेल्या असत्या, तर त्या मुलांसाठीं कांहीं झालें असतेंच, असें मी म्हणत नाहीं. पण ‘काय कारवाई केली’ या तिसऱ्या भागाला मंत्र्यांस कांहीं तरी उत्तर द्यावें लागलें असतें. ऊंसतोड मजुरांच्या मुलांना गांवींच ठेवून घेणारीं हंगामी वसतिगृहें पुढें निघालीं. त्या मुलीला त्यांचा उपयोग झाला नाहीं.

पटावरचा आंकडा आणि वर्गांतलीं मुलें यांतील हें अंतर माझ्याच शाळेंत होतें असें नाहीं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्र सरकारनें राज्यांतील सर्व शाळांची पटपडताळणी एकाच वेळीं केली. एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांस शाई लावली. पटावरील व प्रत्यक्ष हजर मुलांच्या संख्येंत लाखांचा फरक निघाला. ती मोजणी आवश्यक होती यांत शंका नाहीं. परंतु त्या वर्षीं दसरा ६ ऑक्टोबरला होता. ऊंसतोड मजुरांच्या गाड्या दसऱ्यानंतर निघतात. म्हणजे त्या तीन दिवसांत माझ्या वस्तीवरचीं मुलें वर्गांत बसलेलीं होतीं, आणि ती मोजणी त्यांच्यापुरती खरीच होती. शाळांची जी वार्षिक माहिती सरकार देशभर गोळा करीत आलें, तिचीहि संदर्भाची तारीख बराच काळ ३० सप्टेंबर होती. सप्टेंबरांतला खरा आंकडा डिसेंबरांतील प्रश्नाचें उत्तर म्हणून दिला तर त्यांत खोटें बोलणारा कोणीच नसतो, आणि तरी फडांतलीं मुलें मोजणींत येत नाहींत.

म्हणून मला दोन-तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, प्रश्न विचारणाऱ्यांसाठीं. आपल्या भागाच्या आमदार-खासदारांस शाळेविषयीं प्रश्न विचारावयास सांगणें हा प्रत्येक नागरिकाचा अधिकार आहे; आणि तो प्रश्न लिहून देण्याइतकें ज्ञान गांवांत असतें. फक्त प्रश्न असा असावा कीं त्यास ‘हें खरें नाहीं’ म्हणून सुटतां येऊं नये. मुलें शाळेंत येत नाहींत हें खरें आहे काय, असें न विचारतां, अमुक तालुक्यांतील अमुक शाळांत डिसेंबरच्या पहिल्या सोमवारीं पटावर किती व वर्गांत किती, स्थलांतर केलेल्या मुलांना कोणत्या शाळांत दाखल करून घेतलें, असें विचारावें. दिवस आणि ठिकाण ठरलें म्हणजे उत्तराला पळवाट कमी उरते. २००९ च्या कायद्यानें आपल्या हद्दींतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणें व स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणें हें स्थानिक संस्थेचें कर्तव्यच ठरविलें आहे. तेव्हां ती नोंद कोठें आहे, असा पूरक प्रश्न विचारण्यास कायद्याचा आधार आहे.

दुसरी, उत्तर देणाऱ्यांसाठीं. ‘माहिती गोळा करण्यांत येत आहे’ हें उत्तर ऐकून लोक हंसतात. मला तें तितकें वाईट वाटत नाहीं. लोकसभेंत अशा उत्तरास आश्वासन मानतात. तें तीन महिन्यांत पुरें करावयाचें असतें, आणि त्यावर लक्ष ठेवण्यास सभागृहाची आश्वासन समिति आहे. चुकीची माहिती दिली गेली असें आढळल्यास मंत्र्यांना सभागृहांत निवेदन करून ती दुरुस्त करतां येते. ‘अद्याप माहिती नाहीं’ असें सांगणाऱ्या मंत्र्यांस तीन महिन्यांनीं पुन्हा विचारतां येतें. ‘निरंक’ सांगणाऱ्यास काय विचारणार? एका दुपारींत आंकडा मागितला कीं आंकडा मिळतोच. पण तो मोजलेला असतो कीं भीतीनें लिहिलेला असतो, हें वर बसलेल्यास कळत नाहीं. खालच्या माणसानें खरें लिहिलें म्हणून त्याच्यावर खुलाशाची नोटीस येणार नाहीं, एवढी हमी जर खात्यानें दिली, तर मंत्र्यांचीं उत्तरें पुष्कळ सुधारतील. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद संगणकावर होऊं लागली आहे, ही चांगली गोष्ट आहे. तथापि संगणकांतहि नोंद भरणारा हात शाळेंतलाच असतो.

तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठीं व भगिनींसाठीं. माहितीचे कागद भरतांना आपल्याला वाटतें कीं हा कारकुनीचा त्रास आहे, शिकविण्याचा वेळ त्यांत जातो. तें पुष्कळ अंशीं खरें आहे. पण त्यांतला एखादा कागद सभागृहापर्यंत जातो, आणि ज्या मुलांना तेथें कोणी पाठवीत नाहीं त्यांच्या वतीनें तेथें बोलणारा तेवढाच एक कागद असतो. शिक्षकाच्या नोकरीला भीति असते, हें मी जाणतों. मीं ती अनुभवली आहे. म्हणून कोणास उपदेश करण्याची माझी योग्यता नाहीं. मीं जें केलें आणि त्याचें जें झालें तें सांगितलें.

तो दाखला त्या बाईनें घडी घालून पदराच्या गांठींत बांधला आणि कडेवरच्या मुलीकडे बोट दाखवून मला विचारलें, “हिला कितव्या वर्षी घालायची, गुरुजी?” सहाव्या, असें मीं सांगितलें, आणि निघण्याच्या आधीं मला सांगून जा, असेंहि सांगितलें. पुढें ती मुलगी शाळेंत आली. त्या कार्तिकांत तिचे आईबाप निघाले तेव्हां मीं तिच्यापुढें गैरहजेरीची खूण केली, आणि महिन्याच्या तक्त्यांत ‘स्थलांतरित’ या रकान्यांत एकाचा आंकडा लिहून तो वर पाठविला.